तू सोडलेला पेरू

आई,

काल शोभाकाकूंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "काहून वो सुनीता, ठरलं का तुझं फळ? निघायचा दिवस आला ना जवळ." तुझे दिवस झाल्यापासून त्या हेच विचारतायत आणि मी दरवेळी काहीतरी काम काढून आत निघून जाते. काल मात्र मी उत्तर दिलं, आणि त्यावरून जे झालं त्यामुळे आज हे लिहायला बसले आहे. पण ते शेवटी सांगेन. आधी आपलं भांडण. ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस, आणि मला अर्धवट भांडणं पचत नाहीत हे तुला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही काशीला निघतोय. तुझ्या अस्थी ग्वारीघाटावर नर्मदेत सोडल्या, पण थोड्या श्रीकांतनं लाल कापडात बांधून ठेवल्यात. बाबांच्या वेळी जसं केलं तसंच सगळं तुझंही करायचं, असा त्याचा हट्ट आहे. माझी त्याला ना नाही. माझा धाकटा भाऊ आयुष्यात एकदा कशाचा तरी हट्ट धरतोय, तर धरू दे. पण काशीला गेलं की गेलेल्या माणसाच्या नावानं एक फळ सोडायचं, जन्मभर पुन्हा तोंडात घालायचं नाही, ही आपल्या घरातली रीत. आणि ही रीत पाळायला सांगतायत कोणाला, तर मला. मुलींच्या कॉलेजात सगळी नोकरी अन्नशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईला. रोज एक तरी फळ खा, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आलेल्या बाईला!

या रीतीबद्दल माझं मत तुला माहीत आहे. आपल्याकडे लोक फळ कसं सोडतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काकूंनी काका गेल्यावर फणस सोडला. फणस जबलपुरात कितीसा मिळतो, आणि त्याच्या वासानं त्यांचं डोकं दुखतं ते वेगळंच. श्रीकांतनं बाबांसाठी कवठ सोडलं. कवठ फोडायचं कसं हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्याची बायको तर म्हणाली होती, "मी ड्रॅगन फ्रूट सोडते," आणि आपण सगळे हसलो होतो, तूसुद्धा. म्हणजे देवाला फसवायचं, गुरुजींना फसवायचं, आणि घरी येऊन फळांची टोपली पुढे ओढायची. मला हे चालत होतं. फसवणूक असली तरी निदान तब्येतीला धोका नव्हता. फसवलं नाहीस ती एकटी तू. बाबांचं सगळं करून काशीहून आलीस, पिशवीतून गंगेचं भांडं काढून देवाजवळ ठेवलंस आणि म्हणालीस, "पेरू सोडला मी."

पेरू! कांचघरच्या घरी अंगणात पेरूचं झाड उभं असताना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर फांदी लागते, असं ते झाड. मला खरंच वाटलं की तू थट्टा करतेस. थंडीत दुपारी ऊन अंगणात आलं की तू आणि बाबा खाटेवर बसायचात. बाबा सुरीनं पेरूच्या चार फोडी करायचे, मीठ-तिखट लावायचे आणि पहिली फोड तुला द्यायचे. तू म्हणायचीस, "तिखट जास्त झालं." ते म्हणायचे, "मग दे इकडे." तू द्यायची नाहीस. रोज हेच. तुम्हा दोघांचं एकमेकांशी दुसरं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही. घरात बोलणं म्हणजे दूध आलं का, बिल भरलं का, एवढंच. पेरूवरून मात्र भरपूर बोलायचात.

आणि तू तोच सोडलास. मग मी काय गप्प बसणार होते?

वर्गात मी फळ्यावर फळांची उतरंड काढायचे. व्हिटॅमिन सी कोणात किती, त्या क्रमानं. सगळ्यात वर आवळा. त्याच्या खाली पेरू. मग पपई, संत्रं. आणि खाली, अगदी पायाशी, सफरचंद नि केळं. मुली दरवर्षी ओरडायच्या, "मॅडम, सेब सबसे नीचे?" हो, सबसे नीचे. ज्याला आपण कागदात गुंडाळून, हलक्या हातानं घरी आणतो, शीतगृहात महिनोन्महिने पडून आल्यावरही ज्याचे वाटेल ते पैसे मोजतो, ते खाली. आणि हातगाडीवर ढीग लागलेला असतो तो पेरू, ज्याला इथले लोक बिही म्हणतात आणि सर्दी होईल म्हणून पोरांच्या हातातून काढून घेतात, तो वर. संत्र्याच्या कितीतरी पट. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. मी शिकवून घरी यायचे तेव्हा माझी सख्खी आई त्याच झाडाखाली टोपली घेऊन बसलेली असायची आणि गल्लीतल्या बायांना हाका मारायची, "ले जाओ दीदी, ताज़ी है, अभी तोड़ी." स्वतः एक फोड तोंडात घालायची नाही. तुझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. थंडीत खोकला लागला की होळीपर्यंत जायचा नाही. मी काय समजायचं? मी काय करायचं?

मी दुसरी फळं आणून दिली. पपई आणली तर म्हणालीस वास येतो. बोरं दाताला नको. नागपूरहून मामा संत्र्यांची पेटी पाठवायचा, तेव्हा मला वाटायचं, चला, आता निदान महिनाभर बरं. पण तुझा तो पेटीचा कायदा! आधी नरम पडलेली संपवायची, मग चांगली. रोज पेटीतून नरम, सुरकुतलेली, देठाशी पांढुरकं आलेली शोधून काढायचीस, ती आपण खायची आणि चांगली पाहुण्यांसाठी ठेवायची. दुसऱ्या दिवशी कालच्या चांगल्यातली चार नरम झालेली असायची. म्हणजे अख्खी पेटी आपण नरम होऊ देऊनच खाल्ली. मी तुला कितीदा समजावलं की आई, संत्रं आपल्या सालीत बऱ्यापैकी टिकतं, पण साल सैल पडली, आत कोरडं व्हायला लागलं की त्यातलं सत्त्वही उतरत जातं. आज चांगलं आहे ते आज खा. खराब झालंय ते फेकून दे, रोज एक-दोन जातील, बाकी पेटी तरी आपल्याला चांगली मिळेल. त्यावर तू म्हणायचीस, "फेकून देऊ? माझ्या भावानं पाठवलेलं?" यावर अन्नशास्त्रात उत्तर नाही.

नैवेद्याचंही तसंच. सकाळी आंघोळ झाली की लगेच फळं कापायला बसायचीस. केळ्याच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, सगळं ताटात मांडून त्यावर जाळी. मग पूजा, मग आरती, मग शेजारच्या बाईंचा फोन, मग प्रसाद. तोवर सफरचंद तपकिरी, केळं काळं. मी म्हणायचे, "कापलेल्या फळाला हवा लागली की त्यातलं सी जायला लागतं. देवाला अख्खं फळ दे ना, तो चावून खाईल." तू म्हणायचीस, "देवाला साल काढून द्यावं लागते. तुला कोण देते साल काढून?" आणि लगेच मला देण्यासाठी दुसरं सफरचंद सोलायला घ्यायचीस. सालीसकट खा म्हणून मी हात धरायचे तोवर सोलून झालेलं असायचं.

मोरावळ्याचं भांडण तर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत नेलं होतं. तुला आठवत असेल. तू आवळ्यांना काट्यानं टोचे मारायचीस, तुरटीच्या पाण्यात भिजवायचीस, मग स्वच्छ पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतायचीस. मी म्हटलं, सगळ्यात वरचं फळ आणि त्याचं सत्त्व तू मोरीत ओततेस. तुला ते पटेना. मग मी ते उकळलेलं पाणी बाटलीत भरून नेलं. आमच्याकडे एक निळं रसायन असतं, त्यात सी जीवनसत्त्व पडलं की निळा रंग उडतो. तुझ्या मोरीतल्या पाण्याच्या काही थेंबांनीच तो उडाला. मी इतकी खूश झाले की रिक्षा करून थेट कांचघरला आले आणि दारातूनच ओरडले, "बघ, मी म्हणत होते ना!" तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, "अच्छा? मग पी तू ते पाणी."

आणि त्यानंतर दरवर्षी मोरावळा घातलास की ते पाणी तू मला स्टीलच्या पेल्यात झाकून ठेवलंस. वर चिमूटभर काळं मीठ. "आलं तुझं व्हिटॅमिन, पिऊन घे." इतकं तुरट की जीभ टाळूला चिकटायची. मला प्यावंच लागायचं, माझाच सिद्धांत होता. तू समोर उभी राहून पदरात हसायचीस. शेवटी मी मोरावळाही तपासून पाहिला होता, तुला सांगितलं नाही इतकंच. आवळा भारी हट्टी, उकळून, साखरेत घालून, बरणीत ठेवूनही त्यात बरंच शिल्लक होतं. सांगितलं असतं तर तू वर्षभर ऐकवलं असतंस. म्हणून आता सांगते, आता ऐकवायला तू नाहीस.

एकदा मी संत्र्याच्या रसात पेरूचा गर फिरवून तुला दिला होता. गाळून, वर पुदिना टाकून. तू पेला तोंडाजवळ नेलास, वास घेतलास आणि उठून तो झाडाच्या बुंध्याशी ओतून आलीस. दोन दिवस तू मला "जेवलीस का" एवढंसुद्धा विचारलं नाहीस. मला अजूनही त्यात काही वावगं वाटत नाही. डॉक्टर औषध साखरेत घालून देतात, तसंच ते. पण त्या दोन दिवसांनंतर मी तुला सरळच विचारलं होतं. "काहून पेरूच, आई? इतकी फळं होती. ज्याची आठवणही येत नाही असं काहीतरी सोडायचं होतं."

तू म्हणालीस, "आठवण येत नाही ते सोडून काय करू?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"रोज समोर येते म्हणून सोडला. रोज नाही म्हणावं लागते. तुझ्या काकूला फणस कधी दिसते? वर्षातून एकदा. मग तिला काका वर्षातून एकदाच आठवतील."

"पण आई, त्यात किती व्हिटॅमिन..."

"ते तू खाऊन घे. व्हिटॅमिन कोणाच्या पोटात गेलं, त्याला काय फरक पडते."

मला त्या वेळी गप्प बसायला हवं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी बसले नाही. हिरड्या, जखमा, लोह अंगी लागणं, सगळं बोलले. तू मटार सोलत ऐकत होतीस. माझं संपल्यावर म्हणालीस, "चलो, ताट घे." आपलं भांडण नेहमी असंच संपायचं. तू मला उत्तर न देता जेवायला वाढायचीस.

आणि मग तू पडलीस. कशासाठी पडलीस? जे तू खातही नव्हतीस त्या फळासाठी. आकडीच्या काठीनं वरच्या फांदीचे पेरू काढत होतीस, शेजारच्या चाचींच्या घरी पाहुणे आले होते म्हणून. टाच घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मला फोन आला तेव्हा मी विजय नगरमधल्या माझ्या घरी कपडे वाळत घालत होते. तशीच निघाले. तुला उचलून नेलं तेव्हा टोपली अंगणात तशीच पडलेली होती आणि पेरू सगळीकडे घरंगळले होते. त्यातला एक माझ्या पायाखाली आला. मी तो लाथाडला. झाडाचा इतका राग मला कधी आला नव्हता. तोडून टाका ते, असं मी श्रीकांतला म्हटलं, आणि तू स्ट्रेचरवरून, दुखण्यानं तोंड वेडंवाकडं झालेलं असताना म्हणालीस, "हात लावून दाखव."

हॉस्पिटलात तर माझ्या सगळ्या नोकरीचा पराभव झाला. ऑपरेशन नीट झालं, पण जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, "माताजी को फल खिलाइए, विटामिन सी वाले." आणि जो येईल तो सफरचंद घेऊन येईल! नात्यातले, गल्लीतले, श्रीकांतच्या ऑफिसातले, माझ्या कॉलेजातल्या जुन्या सहकारी. ज्यांनी माझ्याबरोबर तीच उतरंड वर्षानुवर्षं शिकवली, त्यासुद्धा सफरचंदं घेऊन आल्या. मी विचारलं, "अरे, तुम्ही तरी?" तर म्हणाल्या, "मरीज़ के पास बिही लेकर कैसे जाएँ, अच्छा नहीं लगता." तुझ्या कॉटशेजारचं ते लोखंडी कपाट सफरचंदांनी भरून गेलं. तू नर्सना वाटायला सांगितलीस. नर्सही कंटाळल्या.

फक्त चाची पेरू घेऊन आल्या. आपल्याच झाडाचा, पिवळा झालेला, पानासकट. त्यांना तुझं सोडणं माहीत नव्हतं, इतकी वर्षं तुझ्या हातचे पेरू खाऊनही. मी पटकन म्हटलं, "चाची, माँ नहीं खातीं," तर तू हात पुढे केलास. घेतलास, नाकाशी धरलास, आणि उशीजवळ ठेवून दिलास. मला क्षणभर वाटलं, आता खाशील. मी सुरी शोधायलाही लागले. तू म्हणालीस, "बस, राहू दे. वास येऊ दे." खोलीत त्या पेरूचा वास भरून राहिला होता. मी तुझ्याकडे पाहायचं टाळलं, कारण पाहिलं असतं तर ओरडले असते.

शेवटी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चघळायच्या, संत्र्याच्या चवीच्या. तू गोळी हातावर घेऊन विचारलंस, "यात पेरू नाही ना?" मी म्हटलं, "नाही." म्हणालीस, "मग दे दोन." आणि लहान मुलीसारखी चघळत बसलीस. इतकी वर्षं मी फळांवरून डोकं आपटलं, आणि तुला ती गोळी आवडली. जखम भरायलाही लागली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. ड्रेसिंग करणारी सिस्टर म्हणाली होती की आता छान आहे. मग छातीत कफ झाला. पेरूचा काही संबंध नव्हता, व्हिटॅमिनचाही नव्हता. म्हातारं माणूस आडवं पडून राहिलं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला कशाला तरी दोष द्यायचा होता, आणि माझ्या हातात काहीच उरलं नाही. एका सकाळी तू गेलीस. श्रीकांत चहा आणायला खाली गेला होता, मी तुझे पाय चेपत होते, आणि मला कळायला वेळ लागला.

घरी आल्यावर ते झाड. यंदा इतकं लागलंय की तुला बघून वेड लागलं असतं. रोज सकाळी अंगणात सडा पडलेला असतो. पोपट अर्धे खाऊन टाकतात, बाकीच्यांना मुंग्या. दिवसकार्य चालू असताना गल्लीतल्या बाया भेटायला यायच्या, डोळे पुसायच्या, आणि जाताना त्यांची नजर झाडाकडे जायची. मागायचं कसं, म्हणून गप्प राहायच्या. मला इतका राग यायचा, त्यांचाही, तुझाही. तू सगळ्या गल्लीला सवय लावून ठेवलीस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी न राहवून मीच टोपली घेतली आणि वाटायला लागले. झाडावर राहिला तर गळतो, तोडून ठेवला तर मऊ पडतो, फ्रिजमध्ये ठेवला तर सगळ्या दुधाला त्याचा वास लागतो. पेरू ठेवायचं फळच नाही. आला की खायचा किंवा द्यायचा, तिसरी सोय नाही. मी देत राहिले, आणि इतक्या दिवसांत मी स्वतः एकही खाल्ला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ते काल लक्षात आलं. दुपारी अंगणात ऊन होतं. काकू, श्रीकांत आणि मी मटार सोलत बसलो होतो. काकूंनी विचारलं, "ठरलं का तुझं फळ?" आणि माझ्या तोंडून निघालं, "पेरू."

काकूंनी मटारचं ताट बाजूला सारलं. "अगं बाई, तू? जगाला पेरू खायला सांगत फिरून राहिली, नि तू सोडते? वेडी झाली का? अनानस सोड. रामफळ सोड. कोणाला फरक पडते?"

"नाही काकू. सोडायचा तर पेरूच. आईनं इतकी वर्षं काय केलं ते मला एकदा कळू दे." मी हे चिडूनच म्हणाले होते. पण म्हणून झाल्यावर मला कळलं की मी खरंच सोडणार होते. ठरलेलं होतं. मला बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तुझ्यावर कशात तरी मात केल्यासारखं.

श्रीकांतनं हातातली शेंग खाली ठेवली. तुला माहीत आहे तो कसा आहे. घरात कोणी मोठ्यानं बोललं की त्याला दुसऱ्या खोलीत काम आठवतं. तो म्हणाला, "ताई, नको."

"काहून नको? तू तुझं कवठ सांभाळ."

"आईनं नाही म्हणून ठेवलं आहे."

मग त्यानं सांगितलं. हॉस्पिटलात मी तुझे रिपोर्ट आणायला खाली गेले होते, त्या वेळी तू त्याला जवळ बोलावलंस. म्हणालीस, "काशीला जाल तर सुनीला काही सोडायला लावू नको. शोभा म्हणेल, तरी नको. तुम्ही बाकीचे सोडता नि विसरता. ती माझ्यावर गेली. ती खरंच सोडून बसेल. आणि पाहून घे, पेरूच सोडेल."

काकू पदर तोंडाला लावून बसल्या. मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

श्रीकांत म्हणाला, "म्हणाली, तिला सांग, माझ्या वाटचेही खाऊन घे. दिवसभर बोलते, तिला व्हिटॅमिन लागते."

आई, हे तू मला का नाही सांगितलंस? मी तिथेच होते. जिना उतरून रिपोर्ट घेऊन परत आले होते, तुझी वेणी घातली होती, गोळी दिली होती. माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस आणि एक पाऊल मागे सरकली नाहीस. आणि जेव्हा माझी बाजू घेतलीस, तेव्हा ती श्रीकांतजवळ घेतलीस. त्याच्याशी भांडता येत नाही. तुझ्याशीही आता येत नाही. सोडला तर तुझा शब्द मोडते, नाही सोडला तर काशीला सगळ्यांत मीच एक रिकामी. जिच्यावर ओरडावं अशीही मला आता कोणी नाही. काकू आणि श्रीकांत मला घाबरून आत गेले.

मग मी उठले. खिडकीजवळच्या फांदीला एक पिवळा झालेला होता, पोपटांच्या नजरेतून सुटलेला. तो तोडला, नळाखाली धुतला. साल काढली नाही. चार फोडी केल्या, मीठ-तिखट लावलं, खाटेवर बसून एकेक खाल्ली. तुझ्या वाटचीही. माझं म्हणणं अजून तेच आहे, तू चुकलीस. काशीला गुरुजींनी विचारलं तर मी काही सोडत नाही असं सांगणार आहे, आणि काकूंना काय वाटायचं ते वाटू दे. पण खाताना मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं शिकवूनही माझ्या डोक्यात आली नव्हती. मी सगळा वेळ त्यात व्हिटॅमिन किती तेच मोजत होते. आई, तो गोड होता. इतका गोड होता, आणि तू तो आमच्या सगळ्यांच्या हातावर ठेवत राहिलीस, आणि एकदाही खाल्ला नाहीस.




तुझी,
सुनी